जुनी गाडी बेळगावची घ्यावी की कोल्हापूरची? कागदपत्रांच्या अंगाने तुलना

निपाणी, चिकोडी किंवा बेळगावात राहणाऱ्या माणसाला जुनी मोटार घेताना केए-२२ वा केए-२३ क्रमांकाची स्थानिक गाडी आणि एमएच-०९ ची कोल्हापूरची गाडी असे दोन्ही पर्याय सहज उपलब्ध असतात. कागदांचा व्याप मात्र सारखा नसतो.

स्थानिक गाडीचे काम सरळ आहे. फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या, मूळ आरसी, चालू विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि खरेदीदाराचा पत्त्याचा पुरावा एवढ्यावर नावबदल होतो. कर्ज फिटलेले असल्यास बँकेचे पत्र व फॉर्म ३५ (आरसीवरील कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) मात्र विक्रेत्याकडून आधीच घ्यावेत.

कोल्हापूरच्या गाडीसाठी याशिवाय तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि थकीत दंड असल्यास ते अडते. त्यानंतर फॉर्म २७ भरून कर्नाटकाचा नवा क्रमांक घ्यावा लागतो. कळीचा मुद्दा कराचा आहे: महाराष्ट्रात भरलेला एकरकमी कर येथे वळता होत नाही, कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो, आणि तिकडचा परतावा वेगळ्या अर्जाने मागावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये नवा क्रमांक घेण्यासाठी असलेल्या बारा महिन्यांच्या मुदतीवर विसंबून (सीमाभागात हे सर्रास चालते) परराज्याचा क्रमांक तसाच ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण कराची मागणी त्याआधीही येऊ शकते. म्हणून कोल्हापूरची गाडी कर धरूनही स्वस्त पडत असेल, तरच तो व्यवहार करावा.