फोलिक ॲसिड, लाल गोळी आणि माझा चारचा चहा

दिवस राहायच्या तीन महिने आधी फोलिक ॲसिड सुरू केलं. आता बाळ चार महिन्यांचं आहे आणि लोहाची गोळी अजून चालूच आहे. म्हणजे सोळा महिन्यांचा अनुभव.

फोलिक ॲसिडबद्दल तक्रार शून्य. एवढीशी गोळी, ना चव ना त्रास. फक्त ती आधीपासून घ्यायची. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर ते काम उरकलेलंही असतं. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात सर्रास ५ मिलिग्रॅमची मिळते, म्हणून चिठ्ठी नीट वाचा. गंमत म्हणजे याचं मूळ मुंबईतलं! ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ मध्ये इथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानं बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं.

मी शाकाहारी, त्यामुळे डॉक्टरांनी आधीच बी१२ तपासलं. कमीच निघालं. नुसत्या फोलिकनं रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी१२ च्या अभावानं नसांना होणारी इजा आत झाकून राहते, असं त्या म्हणाल्या. तपासून घ्या, एवढंच सांगते.

खरी परीक्षा लाल गोळीची. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ होतं, गरोदरपणी ११ च्या खाली म्हणजे कमी. आशाताईंनी उपकेंद्रातून पट्ट्या आणून दिल्या: ६० मिलिग्रॅम लोह, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक, फुकट. पहिल्या आठवड्यात शौचाला काळं झालं आणि मी घाबरून आईला फोन केला. ते लोहाचंच असतं. बद्धकोष्ठ मात्र सतावत राहिलं. रात्री भिजवलेले मनुके आणि भरपूर पाणी यावर निभावलं.

महिना झाला तरी आकडा हलेना. मग कळलं, मी गोळी चहाबरोबर घेत होते! वर कॅल्शियमही लगेच. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाला आड येतात. मग फ्रिजवर कागद चिकटवला: अकराला लोह लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणानंतर, चहा थेट चारला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." पण दररोज अकराला लिंबू पिळून ग्लास त्याच पुढे करायच्या. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.२.

एक खर्च पाण्यात गेला. औषधाच्या दुकानदारानं गळ्यात मारलेला प्रोटीन पावडरचा डबा. दोन चमचे घेतले, उलटी झाली. तो अजून फळीवर आहे.

बाळंतपणानंतरही सहा महिने लोह घ्यायचंय. दोन उरलेत. लिंबू आता माझं मीच पिळते.