‘शेवाळ खाते’ असे सांगून विकलेली विषारी समुद्री गोगलगाय

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यांनी हा अनुभव वाचावा, कारण मला फसवणाऱ्या विक्रेत्याची तीच जाहिरात अजूनही सुरू आहे. काळ्या अंगावर निळसर राखाडी उंचवटे आणि त्यांच्या टोकांवर पिवळ्याधमक गाठी असलेली एक कवचहीन समुद्री गोगलगाय त्याने मला विकली. ती काय खाते, हे मी आधी लेखी विचारले होते. ‘शेवाळ खाते, माशांना अपाय करत नाही’ असे त्याचे लेखी उत्तर माझ्याकडे आहे. पैसे आगाऊ घेतले, पावती मात्र दिली नाही.

हा प्राणी म्हणजे फिलिडिया व्हॅरिकोसा. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतील प्रवाळभित्तींवर राहणारी ही गोगलगाय शेवाळाला तोंडही लावत नाही. खरवडण्यासाठी लागणारी दातांची पट्टीच तिला नसते. ती ठरावीक स्पंजांवर पाचकरस सोडून त्यांचा रस शोषते, त्या स्पंजांमधील विष स्वतःच्या अंगात साठवते आणि डिवचली गेली की ते चिकट स्रावातून पाण्यात सोडते. बंदिस्त पाण्यात हा स्राव मासे आणि कोळंबी यांना मारतो, हे हवाईमधील निरीक्षणांवरून १९६३ सालीच प्रसिद्ध झाले आहे.

विक्रेत्याची लबाडी अर्धसत्यावर उभी आहे. कॅरिबियन समुद्रातील एलिसिया क्रिस्पाटा ही गोगलगाय खरोखरच शेवाळावर जगते. तिचा गुण त्याने या विषारी प्राण्याच्या नावावर खपवला.

माझ्या टाकीत ती उपाशीच फिरत राहिली. एका रात्री ती वेव्हमेकरच्या (टाकीतील पाणी हलते ठेवणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकली आणि सकाळी क्लाउनफिशची जोडी व कोळंबी मेलेली आढळली. अमोनिया आणि क्षारता तपासली, दोन्ही योग्य होती. विक्रेत्याने आधी माझ्या पाण्याला दोष दिला आणि नंतर फोन घेणेच बंद केले. निष्पाप जीव असे तडफडून मेले याचा मला फार संताप आहे.

शास्त्रीय नाव आणि आहार लेखी सांगितल्याशिवाय, आणि त्याची स्वतंत्रपणे खात्री केल्याशिवाय, कोणतीही रंगीत समुद्री गोगलगाय घेऊ नका. ही जात आधीच टाकीत असल्यास तिला न दुखवता पाण्यासकट भांड्यात घेऊन वेगळे करा, ते पाणी पुन्हा टाकीत ओतू नका, टाकीतील बरेचसे पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घाला.