कुटुंबांच्या फाउंडेशनकडे जायचं, पण कोणत्या? मुंबईतल्या छोट्या संस्थांसाठी एक तुलना

छोट्या संस्थेत अर्ज लिहिणारं माणूस एकच असतं. तेच दुपारी वर्गावर असतं, संध्याकाळी वस्तीत घरोघरी जातं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडून बजेटचे आकडे जुळवत बसतं. अशा संस्थेला सगळ्या देणगीदारांच्या मागे एकदम धावणं झेपत नाही. कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही, हे आधीच ठरवावं लागतं.

माझ्या डोळ्यांसमोरची संस्था साधारण अशी आहे. गोवंडी, मालवणी किंवा धारावीत काम, वर्षाचा खर्च वीस ते साठ लाख, सात-आठ पगारी माणसं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं ८०जी आहे, परदेशी पैसा घेण्याची परवानगी नाही. आजवर ओळखीपाळखीतल्या देणग्यांवर आणि एखाद्या कंपनीच्या मदतीवर भागलं. आता कार्यकारिणीत कुणीतरी म्हणतंय, ‘मोठ्या घरांच्या फाउंडेशनकडे जाऊ या.’

मुंबईत अशा फाउंडेशनच्या चार तऱ्हा दिसतात. संस्था कोण निवडतं, कशावरून निवडतं, हे चारही ठिकाणी वेगळं असतं. रक्कम किती मिळेल याची चौकशी सगळेच करतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत आपलं काम पोचणार आहे का.

जुने घरगुती ट्रस्ट

फोर्ट, काळबादेवी, गिरगावच्या जुन्या इमारतींत पारशी, भाटिया, गुजराती, मारवाडी, खोजा घराण्यांचे असंख्य ट्रस्ट आहेत. बऱ्याच ठिकाणी एक टेबल, एक कपाट आणि अर्धवेळ हिशेबनीस, एवढंच कार्यालय. इथे निवडीची पहिली चाळणी विश्वस्तांच्याही आधी लागते, ती म्हणजे ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट स्थापन करताना केलेला दस्त. आजोबा-पणजोबांनी त्यात ‘शिक्षण आणि वैद्यकीय मदत’ लिहिलं असेल, तर कचरावेचक बायकांच्या संघटनेला विश्वस्तांची कितीही इच्छा असली तरी देणं अवघड. उद्देश बदलायचा तर प्रकरण धर्मादाय आयुक्त आणि न्यायालयापर्यंत जातं, आणि त्या वाटेला सहसा कुणी जात नाही. त्यामुळे अर्ज लिहायच्या आधी एकच फोन करावा: ‘आपल्या डीडमध्ये कोणते उद्देश आहेत?’ बरेच हिशेबनीस हे लगेच सांगतात.

डीडमध्ये बसलात की पुढचं सगळं माणसावर चालतं. दोन-तीन वयस्क विश्वस्त काही महिन्यांनी भेटतात आणि अर्जांचा गठ्ठा पाहतात. तुम्हाला कोणी पाठवलं, संस्था कोण चालवतं, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आहेत का, ८०जीची पावती मिळेल का, असे त्यांचे प्रश्न. अनेकजण स्वतः येऊन बघतात. वर्गात मागच्या बाकावर अर्धा तास बसलेल्या विश्वस्ताला मुलांची हजेरी, बाईंचं शिकवणं, भिंतीची ओल, सगळं दिसतं. चाळीस पानी अहवालातून त्याला जे कळलं नसतं, ते तिथे कळतं. छोट्या संस्थेसाठी ही निवडपद्धत मला सर्वात न्याय्य वाटते, कारण अशा संस्थेची ताकद कागदावर क्वचितच दिसते.

अडचणी आहेतच. रक्कम लहान असते आणि दरवर्षी नव्याने मागावी लागते. यांच्या देण्याची मुळं परळच्या हॉस्पिटलांत आणि शाळेच्या फीत आहेत: रुग्णाच्या नावाने हॉस्पिटलला चेक, विद्यार्थ्याच्या नावाने कॉलेजला चेक. संस्थेला दिलं तरी वस्तू दिसावी अशी अपेक्षा असते. बाकं, पुस्तकं, औषधं यांना आनंदाने देतील, समुपदेशकाच्या पगाराला कचरतील. यावर एक उपाय साधतो. पगाराची रक्कम वस्तूआड लपवू नये. उलट ‘वर्षभर चाळीस मुलांना रोज दोन तास शिकवणाऱ्या ताईंचं मानधन’ असं सरळ लिहावं. जिला प्रत्यक्ष भेटलेत तिच्या मानधनाला पैसे द्यायला वयस्क विश्वस्त नाही म्हणत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणखी एक. मोठे विश्वस्त गेले आणि पुढची पिढी आली की दिशा बदलू शकते. म्हणून ओळख एकाच काकांशी ठेवू नये. मुलगा-सूनही ट्रस्टवर असतील तर त्यांनाही एकदा कामावर बोलवावं.

कर्मचारी नेमून चालवलेली मोठी फाउंडेशन

टाटांचे ट्रस्ट मुळात घराण्याचेच. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी आज टाटांच्या ट्रस्टांकडे आहे. १९३६ ची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि १९४१ चं टाटा मेमोरियल याच पैशातून उभं राहिलं. पण आज तिथे विषयवार काम पाहणारे पूर्णवेळ कर्मचारी आहेत, म्हणून छोट्या संस्थेने त्यांना या दुसऱ्या गटात धरावं. गेल्या काही दशकांत ज्यांनी संपत्ती कमावली त्यांची फाउंडेशनही याच गटातली. मुंबईचं ए. टी. ई. चंद्रा फाउंडेशन त्यातलं ठळक नाव. संस्थांची क्षमता वाढवणं आणि तलावांतला गाळ काढणं, असे मोजके विषय त्यांनी धरले आहेत.

इथे पहिला धक्का बसतो तो वेबसाइटवर. अनेक ठिकाणी लिहिलेलंच असतं, की आम्ही अर्ज मागवत नाही. ते स्वतः शोधतात. एखादा विषय ठरवला की प्रोग्रॅम ऑफिसर त्या क्षेत्रात कोण काय करतं ते पाहतो, आधी पैसे दिलेल्या संस्थांना विचारतो, इतर देणगीदारांशी बोलतो. म्हणजे तुमचं नाव दुसऱ्या संस्थेच्या तोंडून यायला हवं. गोवंडीच्या भागात, म्हणजे महापालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात, काम करणाऱ्या संस्थांच्या बैठकीला नियमित जाणं हे इथे अर्ज लिहिण्याइतकंच उपयोगाचं आहे.

मग दोन पानांची टिपणी, एक-दोन कॉल, साइट व्हिजिट, कागदपत्रांची तपासणी, बजेटच्या फेऱ्या आणि शेवटी विश्वस्तांची बैठक. यात सहा महिने सहज जातात, वर्षही जातं. कागदपत्रांत मुंबईतल्या संस्था हमखास अडकतात त्या चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांना कळवायचं असतं. कुणी ते केलेलंच नसतं, कुणाचं प्रकरण वरळीच्या कार्यालयात पडून असतं. नोंदीत तीन दिवंगत विश्वस्तांची नावं तशीच आणि अर्जावर सही चौथ्याची, असं दिसलं की तपासणी थांबते. कामाबद्दल कितीही आदर असला तरी थांबते.

यांची जमेची बाजू मोठी आहे. दोन-तीन वर्षांची बांधिलकी, मोठी रक्कम, आणि काही ठिकाणी पगार, भाडं, हिशेबनीस यांसाठीही पैसा. रोहिणी नीलेकणी यांचं बंगळुरूचं काम अशा विश्वासाने, फार अटी न घालता देण्यासाठी ओळखलं जातं. २०२१ मध्ये मुंबईच्या एडेलगिव्ह फाउंडेशनने इतर देणगीदारांना सोबत घेऊन १०० तळागाळातल्या संस्थांसाठी १०० कोटींचा निधी जाहीर केला, आणि तो मुद्दाम संस्था टिकवण्यासाठी होता. संस्थेचा गाभा जगवायला पैसा लागतो हे या वर्तुळात आता मोकळेपणाने बोललं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे.

धोका आहे तो आकड्यांच्या भाषेचा. दर मुलामागे खर्च किती, पुढच्या तीन वर्षांत किती वस्त्या, हे प्रश्न वाईट नाहीत. पण उत्तर देताना संस्था आपलं कामच बदलायला लागते. पन्नास मुलांबरोबर खोलवर काम करणारी संस्था पाचशेचं आश्वासन देते आणि दोन वर्षांत ताया थकून सोडून जातात. ‘आम्ही पन्नासच घेतो, कारण हे आहे’ असं ऐकून घेणारी फाउंडेशनही आहेत. ती मिळेपर्यंत थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत या शोधाला एक आधार आहे. तिथल्या खासगी फाउंडेशनना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेच लागतात आणि कोणाला किती दिले हे ९९०-पीएफ नावाच्या विवरणपत्रात जाहीर होतं. अर्ज करणारा आधीच ते चाळून घेतो. आपल्याकडे नियम उत्पन्नावर आहे: वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च झाला पाहिजे. मात्र कोणाला किती दिले याची तशी सहज उघडता येणारी यादी नाही. त्यामुळे उलट्या बाजूने शोधावं. आपल्यासारखं काम करणाऱ्या पाच-सहा संस्थांचे वार्षिक अहवाल उघडावेत आणि शेवटच्या पानांवरची देणगीदारांची नावं लिहून काढावीत.

करकायद्याच्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या पहिल्या दोन्ही प्रकारांना लागू पडतात आणि निवडीवर त्यांचा थेट परिणाम होतो. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका ट्रस्टने दुसऱ्याला १०० रुपये दिले, तर देणाऱ्याच्या हिशेबात ८५ रुपयेच खर्च म्हणून धरले जातात. म्हणून दुसऱ्यांना देण्याऐवजी स्वतःच प्रकल्प चालवणं देणाऱ्याला सोपं वाटू शकतं. ‘आपण देणग्या देता की स्वतः काम करता?’ हे आधीच विचारावं. दुसरं, २०१७ पासून एका ट्रस्टने आपल्या उत्पन्नातून दुसऱ्याच्या कॉर्पसला, म्हणजे कायम निधीला, दिलेली देणगी खर्चात धरली जात नाही. कायम निधी उभारायचा असेल तर ट्रस्टकडे न जाता त्याच घरातल्या व्यक्तींकडे, त्यांच्या वैयक्तिक देणगीसाठी जावं.

मध्यस्थांमार्फत देणारी घरं

पैसा आहे, द्यायची इच्छा आहे, पण कर्मचारी नेमायचे नाहीत, अशी घरं मध्यस्थ संस्थांकडे जातात. मुंबईत १९९९ पासून काम करणारी दसरा आणि २००० पासूनची गिव्ह ही त्यातली माहितीची नावं. मध्यस्थ संस्था छाननी करतात आणि घरांपुढे निवडक नावं ठेवतात.

फायदा असा, की एकदा कसून तपासणी झाली की तीच कागदपत्रं पुढे अनेक ठिकाणी चालतात. तोटा असा, की देणाऱ्या घराशी नातं जुळत नाही. त्यांनी पुढच्या वर्षी विषय बदलला तर तुम्हाला कारणही कळत नाही. मध्यस्थाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: पैसा देशातला की परदेशातला? २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही.

आपल्या मराठी जगात हेच काम वेगळ्या रीतीने चालतं. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात काही संस्था निवडतो, त्यांची ओळख छापतो आणि वाचक देणग्या पाठवतात. पितृपक्षात भरणारं ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन असंच. या देणग्या मुख्यतः वाचकांच्या आणि एकदाच येणाऱ्या. पण दादर-पार्ल्यातले वयस्क विश्वस्त ही पानं कात्री लावून जपतात. त्या कात्रणाची प्रत अर्जाला जोडली तर जुन्या ट्रस्टमध्ये ‘तुम्हाला कोणी पाठवलं’ या प्रश्नाचं उत्तर मिळून जातं.

नाव घराण्याचं, पैसा कंपनीचा

आडनाव घराण्याचं असलं तरी पुष्कळ फाउंडेशनचा पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा असतो. तिथे कुटुंबाच्या मनापेक्षा कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ चालतं: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, ठरलेले विषय, आर्थिक वर्षाचं बंधन. तुमच्याकडे सीएसआर-१ ची, म्हणजे हा पैसा घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी हवी. इथे एक गैरसमज संस्थांना फार छळतो. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खर्चासाठी आहे, संस्थेच्या बजेटसाठी नाही. कुणी तुमच्या हिशेबनिसाचा पगार या कारणाने कापत असेल तर नम्रपणे नियम दाखवावा.

मग कुणाकडे?

तीस लाखांच्या आतबाहेर खर्च असलेल्या, शिक्षण किंवा आरोग्यातल्या संस्थेने पहिली दोन वर्षं जुन्या घरगुती ट्रस्टांवर घालवावीत, सोबत वर्तमानपत्रातल्या उपक्रमासाठी प्रयत्न करावा. पाच-सहा छोट्या ट्रस्टांनी वर्षाला थोडं थोडं दिलं, तर एखादा गेला तरी वर्ग बंद पडत नाही. खर्च साठ लाखांकडे गेला, पूर्णवेळ हिशेबनीस आला, तीन वर्षांचे स्वच्छ ऑडिट हातात आले की दुसऱ्या गटाकडे वळावं.

हक्कांचं काम करणाऱ्यांसाठी मात्र हा क्रम चालत नाही. घरातल्या हिंसाचाराविरुद्धचं समुपदेशन केंद्र, घरांच्या हक्कासाठीची वस्ती समिती, कचरावेचकांची संघटना यांत फोटो काढण्यासारखी वस्तू नसते, जुन्या डीडमध्ये ते बसत नाही आणि सीएसआर त्यापासून सहसा लांब राहतं. त्यांनी सुरुवातीपासून दुसऱ्या गटातल्या, असा विषय उघडपणे मांडणाऱ्या मोजक्या फाउंडेशनवरच लक्ष द्यावं, आणि दरम्यान व्यक्तींच्या मासिक देणग्या वाढवाव्यात. पोलीस ठाण्यात रात्री अकराला बाईसोबत बसणाऱ्या कार्यकर्तीचा पगार या शहरात सर्वात अवघड मिळतो, म्हणून हे वेगळं लिहिलं.

वाट कोणतीही निवडा, अर्जाआधी विश्वस्तांची अद्ययावत नोंद मागवून घ्या. चेंज रिपोर्ट राहिला असेल तर तो आत्ताच दाखल करा आणि पोचपावतीची प्रत अर्जासोबत लावा. प्रकरण प्रलंबित आहे हे आपणहून सांगितलं, की बहुतेक ठिकाणी समजून घेतात.