पुळणीवर ऑप्शन खेळायला कोणता चेंडू, कोणते पट्टे?

२ जानेवारी १९९६ ला ॲरिझोनातल्या टेंपीमध्ये, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, नेब्रास्का विद्यापीठाने फ्लोरिडाला ६२-२४ असं हरवलं. फिएस्टा बोल नावाच्या त्या सामन्यात नेब्रास्काने ५२४ यार्ड निव्वळ धावून काढले, त्यातले १९९ एकट्या क्वार्टरबॅक (चाल चालवणारा गडी) टॉमी फ्रेझरचे. त्याची ती ७५ यार्डांची धाव चाहते आजही फिरफिरून पाहतात: फ्लोरिडाचे गडी एकामागून एक मिठ्या मारताहेत आणि हा प्रत्येकाच्या हातून निसटतोय. प्रशिक्षक टॉम ऑसबर्न यांनी १९७३ ते १९९७ नेब्रास्काचा संघ सांभाळला, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि हे सगळं प्रामुख्याने धावत्या खेळावर. त्याचा गाभा म्हणजे ऑप्शन: चेंडू कोणी पळवायचा हे क्वार्टरबॅकने समोरचा बचाव बघून धावता धावता ठरवायचं. २००४ मध्ये नव्या प्रशिक्षकाने फेकीचा खेळ आणला आणि ती परंपरा तुटली. ज्यांनी तो ऑप्शन पाहिला आहे त्यांना तो तुटल्याचं दुःख अजून आहे, आणि ते रास्त आहे.

तो खेळ पाहून हात शिवशिवतात. गुहागर, दापोलीजवळचं मुरुड, रत्नागिरीची मांडवी, तारकर्ली, कुठेही पुळण मोकळी असते आणि कबड्डीत तयार झालेले गडी वाडीवाडीत आहेत. अडतं ते सामानापाशी. म्हणून हा आढावा: यूथ मापाचा कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा) चेंडू आणि सोबत दहा कमरपट्ट्यांचा संच. या पट्ट्यांना लोंबत्या पट्ट्या असतात, गड्याला पाडण्याऐवजी त्या ओढायच्या. निकाल आधीच सांगायचा तर चेंडू जरूर घ्यावा, पट्टे मात्र बघून घ्यावेत.

पहिली चूक खरेदीतच होते. दुकानात ‘फुटबॉल’ मागितला की गोल चेंडू मिळतो आणि ‘लांबट’ म्हटलं की रग्बीचा. रग्बीचा चेंडू लांबीला जवळपास तेवढाच, २८ ते ३० सेंटिमीटर, पण पोटाशी त्याचा घेर ५८ ते ६२ सेंटिमीटर असतो. अमेरिकन चेंडूचा घेर ५३-५४ च्या आसपास, टोकं अणकुचीदार आणि वर दोऱ्याची वीण. हा फरक बारीक वाटतो, पण ऑप्शनमध्ये चेंडू एका हाताने सोडायचा असतो आणि रग्बीचा चेंडू बहुतेकांच्या एका पंजात बसत नाही.

पूर्ण मापाचा म्हणजे ‘ऑफिशियल’ चेंडू सुमारे २८ सेंटिमीटर लांब आणि ४०० ते ४२५ ग्रॅमचा असतो. मोठा पंजा नसेल तर धावता धावता तो सुटतो. ‘यूथ’ माप साधारण १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकलं जातं, पण पुळणीवर मोठ्यांनीही तेच घ्यावं. ऑप्शनला लांब फेक लागत नाही. चेंडू लपवता यावा आणि पटकन सोडता यावा एवढंच लागतं. त्याखालचं ‘ज्युनियर’ माप मात्र मोठ्यांच्या हातात फार लहान पडतं.

आवरण कशाचं, हा कोकणात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चामड्याचा चेंडू हातात धरायला उत्तमच, त्याला तोड नाही. पण तो पाणी पितो, जड होतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवला तर त्यावर बुरशी धरते. रबरी चेंडूला पावसाचं काही वाटत नाही, पण तो टणक असतो, उसळतो फार आणि पोटावर टेकवला की निसटतो. कंपोझिट मधला मार्ग. याची पकड कोरड्या हाताला चांगली लागते आणि ओल्या वाळूतही टिकते. त्याचा शत्रू खारं पाणी. खेळ झाल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवला नाही तर मीठ शिवणीत बसतं आणि तिथूनच आवरण सोलायला लागतं. उन्हात तापलेल्या वाळूवर चेंडू ठेवू नका, आतली हवा फुगून शिवणीवर ताण येतो.

हवा १२.५ ते १३.५ पीएसआय असावी. पंपाची सुई पाण्याने किंवा ग्लिसरिनने ओली करूनच व्हॉल्वमध्ये घाला. कोरडी सुई आतलं रबर फाडते, मग चेंडू रोज बसतो आणि लोक नाव ठेवतात चेंडूला.

आता हा चेंडू नेमका कुठे कसाला लागतो ते. ट्रिपल ऑप्शनमध्ये तीन शक्यता एकाच चालीत असतात. फुलबॅक (क्वार्टरबॅकच्या मागचा पहिला धावपटू) सरळ मध्यात घुसतो, क्वार्टरबॅक त्याच्या पोटाशी चेंडू टेकवतो आणि त्याच्याबरोबर पाऊलभर सरकतो. इथे नजर चेंडूवर ठेवायची नाही. बचावातला एक गडी मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, नजर त्याच्यावर. तो फुलबॅकवर तुटून पडला तर चेंडू काढून घ्यायचा, तो बाहेर थांबला तर देऊन टाकायचा. चेंडू काढून बाहेर पळताना दुसरा मोकळा गडी समोर येतो. तो अंगावर आला तर चेंडू टेलबॅककडे (सगळ्यात मागचा धावपटू) सोडायचा, टेलबॅककडे वळला तर स्वतःच धावायचं. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातल्या गड्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते बघतो ना, तीच नजर.

बिघडतं ते बहुतेक वेळा पोटाशीच. क्वार्टरबॅकला ठरवायला उशीर होतो, फुलबॅक चेंडू आवळतो, दोघांचे हात चेंडूवर आणि चेंडू वाळूत. फुलबॅकने हात चिमट्यासारखे मिटायचे नाहीत: आतलं कोपर वर, दुसरा हात खाली, आणि चेंडू खरंच दिला गेल्याचं पोटाला जाणवलं तरच आवळायचा. क्वार्टरबॅकने चेंडू आपल्या पुढच्या पायापलीकडे जाण्याआधी निर्णय घ्यायचा. शंका असेल तर देऊन टाकायचा. चुकून दिलेला चेंडू दोन यार्ड तरी देतो, चुकून ओढलेला समोरच्याच्या हाती जातो. कंपोझिट चेंडू इथे रबरीपेक्षा सरस ठरतो, कारण कापडावर टेकवल्यावर तो घसरत नाही.

पिच म्हणजे ती बाजूची सोड. टेलबॅकने क्वार्टरबॅकपासून चार-पाच यार्ड बाहेर आणि यार्डभर मागे राहायचं. पुढे गेला की सोड पुढे जाते, आणि चाल जिथून सुरू झाली ती रेषा ओलांडल्यावर अशी सोड बेकायदा ठरते. मनगट वळवून अंगठा खाली नेत, छातीच्या उंचीवर, मऊ सोड हवी. जोरात भिरकावली की टेलबॅकला हात वर करावे लागतात आणि धाव मोडते. पडलेली पिच जिवंत असते, ज्याच्या हाती लागेल त्याची, निदान मोठ्या खेळात तरी. पुळणीवर तिथेच चेंडू थांबवायचा नियम केला तर बोटं शाबूत राहतात.

पट्ट्यांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. बाजारात दोन प्रकार आहेत. वेल्क्रोने चिकटणाऱ्या पट्ट्या स्वस्त, पण वाळू काट्यांत भरली की चिकटपणा जातो आणि थोड्याच दिवसांत पट्टी नुसत्या वाऱ्याने गळते. मग भांडणं. प्लास्टिकच्या खोबणीतून ‘टप्’ आवाज करत सुटणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात, आणि कमरेला बकल हवं. खोबणीत वाळू गेली तर पाण्यात बुडवून झटकली की झालं. रंग लाल किंवा पिवळा. निळ्या पट्ट्या संध्याकाळी समुद्राच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. सदरा आत खोचायचा, आणि पट्टीवर हात ठेवून धावायचं नाही. संचात दहा पट्टे आले तरी एक-दोन बकलं कच्ची निघू शकतात. घेतानाच प्रत्येक बकल दहा वेळा लावून-काढून बघा.

फ्लॅग फुटबॉलला, म्हणजे या पट्ट्या ओढून खेळायच्या प्रकाराला, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच झाला. पण पाच-पाच जणांच्या त्या खेळात क्वार्टरबॅकला स्नॅप (चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेऊन स्वतः रेषेपलीकडे धावता येत नाही, म्हणजे ऑप्शनचा जीवच जातो. पट्टे तेच वापरा, नियम आपले ठेवा. ओढून पाडणं नाही, पकड नाही. कबड्डीच्या गड्यांना हे पहिल्या दिवशी चार वेळा सांगावं लागतं, हात आपोआप घोट्याकडे जातात.

जागा ओल्या, घट्ट वाळूची हवी. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो, दिशा बदलता येत नाही आणि ऑप्शन म्हणजे दिशा बदलणंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा हिशोब इथे उपयोगी पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला, आणि त्या दिवशी पाणी लांबवर जातं. त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतच्या संध्याकाळी उत्तम. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असते, तेव्हा खेळ नको. मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढत असतील तर पुळण त्यांची, दोर आवरेपर्यंत थांबायचं. कालवांच्या खडकांपासून लांब राहा, अनवाणी पायाला तो काप खोल जातो.

टेक्सासने १९६८ मध्ये आणलेल्या विशबोन या रचनेला क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू लागतात. ओक्लाहोमाने १९७१ मध्ये त्याच रचनेतून सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड धावून काढले. ती रचना पाहायला सुंदर, पण पुळणीवर तेवढी माणसं रोज जमत नाहीत. नेब्रास्काची ‘आय’ सोपी: फुलबॅक क्वार्टरबॅकच्या मागे, त्याच्या मागे टेलबॅक. सुरुवात चार विरुद्ध तीन अशी करा. चेंडू देणारा, क्वार्टरबॅक, फुलबॅक आणि टेलबॅक एका बाजूला. समोर तीन बचावपटू, एक फुलबॅकसाठी, एक क्वार्टरबॅकसाठी, एक टेलबॅकसाठी. पहिले दोन दिवस फुलबॅकला बाजूला ठेवून नुसती बाहेरची धाव आणि पिच करा, म्हणजे एकाच गड्यावर नजर ठेवायची सवय लागते. मग पोटाशी टेकवणं. उजवीकडे वीस वेळा झालं की डावीकडे वीस. डाव्या हाताची सोड बहुतेकांची कच्ची असते, आणि बचाव करणाऱ्यांना ते एका संध्याकाळीत कळतं.