सोलर कंदील: पोडावरच्या शिकवणीला चालतो का?

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातल्या आमच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, मी संध्याकाळी पोट्ट्यांना शिकवतो. घरी कोलामी, शाळेत मराठी; पहिलीतच गाडी अडते. माझीही अडली होती, म्हणून हा उद्योग. पैसे कोणी देत नाही, मी मागतही नाही. लाइन गेली की वर्ग बंद, म्हणून पांढरकवड्याहून ६५० रुपयांचा सोलर कंदील आणला. उजेड अकरा जणांना पुरतो. चालतो दोन तास, डब्यावर सहा लिहिले आहेत बाप्पा! पावसाळ्यात तासभरही नाही. हँडल दुसऱ्याच आठवड्यात तुटलं, सुतळीनं बांधलं. पण कापूस वेचणीत पोट्टे अंधार पडल्यावरच वावरातून येतात, तेव्हा यानंच वर्ग चालू ठेवला. दुसरा घेईन, हँडल ओढून पाहून.