गाठींनी वाढलेले गर्भाशय: मायोमेक्टॉमी की एम्बोलायझेशन?

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयात होणाऱ्या कर्करोग नसलेल्या गाठींमुळे, गर्भाशय वाढले आहे आणि मूलही हवे आहे, तेव्हा निवड अवघड होते. मायोमेक्टॉमीत गाठ काढून गर्भाशय राखतात. पोकळीत डोकावणारी गाठ गर्भ रुजण्यात अडथळा आणत असल्याने ती निघाल्यावर गर्भधारणेची शक्यता सुधारते. मात्र भिंतीत खोलवर टाके घातले असतील, तर गर्भधारणेसाठी काही महिने थांबावे लागते आणि पुढे बहुधा सिझेरियन करतात. एम्बोलायझेशनमध्ये मनगटातून वा जांघेतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पोटावर छेद नसल्याने लवकर कामाला लागता येते, पण बीजकोशांच्या कार्यावर परिणाम होऊ शकतो. गाठींचा त्रास दोन्हींनंतर पुन्हा सुरू होऊ शकतो. मूल हवे असल्यास आधी मायोमेक्टॉमीचाच विचार करावा. कुटुंब पूर्ण झालेल्या, पण गर्भाशय गमवायचे नसलेल्या स्त्रीला एम्बोलायझेशन सोयीचे.