जर्मनी की स्वीडन: पगाराच्या आकड्याआधी सामूहिक करार बघा

हातात एक ऑफर स्टुटगार्टची आणि एक गॉथेनबर्गची असेल, तर कर, घरभाडं, शाळा आणि थंडी यांचे हिशेब तुम्ही एव्हाना मांडलेच असतील. ते मी सोडून देतो. मी वाहन उद्योगात आधी जर्मनीत काम केलं, आता स्वीडनमध्ये करतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने: पगारवाढ, कामाचे तास, पेन्शन आणि नोकरीची शाश्वती यांचे नियम तिथे कोण ठरवतं, आणि त्यात तुमची गणती होते की नाही.

दोन्ही देशांत हे नियम मोठ्या प्रमाणावर युनियन आणि मालक संघटना समोरासमोर बसून ठरवतात. त्यातून होतो तो सामूहिक करार. पण बसण्याची रीत वेगळी आहे.

जर्मनीत या वाटाघाटींना कायद्याचा भक्कम आधार आहे. सामूहिक कराराचा कायदा १९४९ चा. त्यानुसार ईगे मेटाल ही धातू आणि वाहन उद्योगातली युनियन दर थोड्या वर्षांनी मालकांशी करार करते. त्याशिवाय प्रत्येक कंपनीत कामगारांची निवडलेली परिषद असू शकते. तिला तिथे बेट्रीब्सराट म्हणतात. पाच कामगार असले तरी ती निवडता येते. परिषद असेल तर कोणाला कामावरून काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं, नाहीतर ती नोटीस रद्दबातल ठरते. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे मतदानाला नागरिकत्व लागत नाही, आणि सहा महिने नोकरी झाली की निवडणुकीला उभंही राहता येतं. जिथे देशाच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, तिथे कंपनीच्या कारभारात मत मिळणं ही मला आजही फार मोठी गोष्ट वाटते. २,००० पेक्षा जास्त कामगारांच्या कंपन्यांत तर १९७६ पासून पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या बाजूच्या असतात.

किमान वेतनाचंही तसंच. २०१५ मध्ये ताशी साडेआठ युरोंपासून ते सुरू झालं. पुढचा आकडा सुचवणाऱ्या आयोगावर तीन जण युनियनचे, तीन मालकांचे. २०२२ मध्ये मात्र संसदेने आयोगाला बाजूला ठेवून थेट १२ युरो केले. युनियन खूश झाल्या, मालक संघटनांनी आक्षेप घेतला. जर्मनीत असं होऊ शकतं. युनियन आणि मालकांचं जमलं नाही किंवा फार हळू जमलं, तर राज्यसंस्था मध्ये पडते.

स्वीडनमध्ये कायद्याने ठरलेलं किमान वेतनच नाही. हे ऐकून नवखा माणूस दचकतो, मीही दचकलो होतो. पण युनियन आणि मालक संघटनांमधल्या १९३८ च्या साल्टशोबाडेन करारापासून तिथली समजूत अशी आहे की पगार हा त्या दोघांचा विषय आहे, सरकारने त्यात पडू नये. १९९७ पासून निर्यात करणारे उद्योग आधी करार करतात, आणि तिथे ठरलेली पगारवाढीची टक्केवारी बाकी सगळ्यांसाठी मापदंड होते. २०२३ मध्ये ती दोन वर्षांसाठी ७.४ टक्के होती, २०२५ मध्ये दोन वर्षांसाठी ६.४ टक्के. नोकरीच्या सुरक्षेचा कायदासुद्धा असाच बदलला. आधी युनियन आणि मालकांनी आपसात तोडगा काढला, मग संसदेने २०२२ मध्ये त्याला कायद्याचं रूप दिलं. मालकांना माणसं कमी करताना थोडी मोकळीक मिळाली. त्या बदल्यात नोकरदारांना मधल्या वयात ४४ आठवड्यांपर्यंत शिक्षण घेण्यासाठी पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळू लागली. तिला वरची मर्यादा आहे आणि आधी बरीच वर्षं काम झालेलं असावं लागतं, पण दोघांनी काहीतरी सोडून काहीतरी मिळवलं, हे त्या कायद्यात स्पष्ट दिसतं.

दोन्ही स्वभावांतला फरक युरोपीय पातळीवर आणखी उठून दिसतो. १९८५ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी ब्रसेल्सच्या व्हाल ड्युशेस वाड्यात युरोपभरच्या युनियन आणि मालक संघटनांना एकत्र बसवलं. पुढे पालकत्व रजेवर त्यांनी १९९५ मध्ये केलेला करार १९९६ मध्ये युरोपीय कायदा झाला. पण २०२२ मध्ये पुरेशा किमान वेतनाचा युरोपीय संघाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेला कायदा, आला तेव्हा डेन्मार्क आणि स्वीडनने विरोधात मत दिलं. त्यांच्या युनियनही विरोधातच होत्या. वेतनात ब्रसेल्सने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. डेन्मार्क युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला, स्वीडनने साथ दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दोन तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचा निर्देश कायम ठेवला. या निर्देशात असंही आहे की सामूहिक करारांखाली ८० टक्क्यांपेक्षा कमी कामगार असतील तर त्या देशाने कृती आराखडा करावा. स्वीडनमध्ये साधारण ९० टक्के कामगार कराराखाली आहेत. जर्मनीत जेमतेम निम्मे.

त्या निम्म्यांच्या बाहेर असणं काय असतं, ते मी जवळून पाहिलंय, आणि माझा निर्णय त्यावरच झाला.

मी बसायचो एका मोठ्या वाहन कंपनीच्या इमारतीत, पण पगार द्यायची एक इंजिनिअरिंग सेवा कंपनी. भारतातून जाणारे बरेच इंजिनिअर तिथे असेच शिरतात. चाकणला काम केलेल्यांना कायम आणि कंत्राटी हा फरक सांगायला नको. तसाच फरक तिथे ओळखपत्राच्या पट्टीच्या रंगात दिसायचा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा आठवडा कराराने ३५ तासांचा, माझा ४०. ईगे मेटालच्या २०१८ च्या करारात जादा रकमेऐवजी आठ दिवस सुट्टी घेण्याची सोय लहान मुलांच्या पालकांना मिळाली होती. त्याने मुलीसाठी ती घेतली. माझा मुलगा तिच्याच वयाचा. कामगार परिषदेची सभा असली की मजला रिकामा व्हायचा. सगळे खाली सभागृहात जायचे आणि आम्ही सेवा कंपन्यांची माणसं आपापल्या पडद्यासमोर बसून राहायचो. एजन्सीकडून उसन्या घेतलेल्या कामगारांना नेमणूक तीन महिन्यांहून जास्त असेल तर मत तरी असतं. ठेक्याच्या कामात तेही नाही. आमच्या स्वतःच्या कंपनीत परिषद मागता आली असती, कायदा आमच्या बाजूने होता. पण आम्ही वेगवेगळ्या ग्राहकांच्या इमारतींत विखुरलेले, एकमेकांची नावंही माहीत नसलेले. पुढाकार कोण घेणार? ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्यांनी? पगारवाढीसाठी दर वर्षी प्रत्येकाने एकट्याने साहेबांसमोर बसायचं, आणि किती मागणं रास्त आहे हे ठरवायला हातात काहीच नाही.

गॉथेनबर्गलाही मी सल्लागार कंपनीतूनच आलो. काम तसंच, ग्राहकाच्या इमारतीत. पण माझ्या नियुक्तिपत्रात सामूहिक कराराचं नाव होतं. त्यातून व्यावसायिक पेन्शन आली: पगाराच्या ठराविक टप्प्यापर्यंत मालक साडेचार टक्के भरतो, त्यावरच्या भागावर ३० टक्के. विमे आले, बाळंतपणाच्या आणि पालकत्वाच्या रजेत सरकारी भत्त्यावर भर आली. पगाराची चर्चा इथेही व्यक्तिशः होते, पण तिच्यामागे त्या वर्षीची टक्केवारी असते आणि युनियनच्या प्रतिनिधीला फोन करून विचारता येतं. ग्राहकाच्या लोकांपेक्षा मी दुय्यम आहे, असं मला इथे वाटलेलं नाही. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं म्हणणार नाही.

स्वीडनच्या रीतीला भोकं आहेत आणि ती आपल्याच लोकांना जास्त लागतात. ज्या कंपनीचा करार नाही, विशेषतः छोट्या स्टार्टअपमध्ये, तिथे पेन्शन आणि विमे मालकाच्या मर्जीवर. मधल्या काळात मालकाकडून विमा भरायचा राहून गेला म्हणून युरोपबाहेरच्या इंजिनिअरांचे कामाचे परवाने नाकारले गेले. २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने सगळ्या परिस्थितीचा एकत्र विचार करा असं सांगितल्यावर तो जाच बराच कमी झाला. बेरोजगारी विमाही आपोआप लागू होत नाही. त्याच्या निधीचं सभासदत्व स्वतः घ्यावं लागतं. जर्मनीत या विम्याची वर्गणी पगारातूनच कापली जाते, आणि पुरेसा काळ वर्गणी गेली असेल तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के मिळतात. मार्च २०२५ मध्ये नॉर्थव्होल्ट ही बॅटरी बनवणारी स्वीडिश कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा शेलेफ्टियोतल्या तिच्या कारखान्यातल्या, परवान्यावर आलेल्या परदेशी कामगारांपुढे नवी नोकरी शोधायला तीन महिन्यांची मुदत होती. अशा वेळी बेरोजगारी निधीचं सभासदत्व असणं आणि नसणं यात फार अंतर पडतं.

म्हणून तुमची जर्मनीची ऑफर थेट मोठ्या उत्पादक कंपनीची असेल, ईगे मेटालच्या कराराखालची, तर मी तुम्हाला तिथून हलवणार नाही. ३५ तास, परिषदेत मत आणि कायद्याचं कवच, हे एकत्र मिळणं दुर्मीळ आहे. युनियनची वर्गणी एकूण पगाराच्या एक टक्का आहे, ती भरा. पण ऑफर सेवा कंपनीची असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची तीच असते, तर मी स्वीडनकडे झुकेन, पगाराचा आकडा थोडा कमी दिसला तरीही.

दोन्हीकडे सही करण्याआधी एचआरला लेखी विचारा की कोणता सामूहिक करार लागू आहे आणि त्याचं नाव नियुक्तिपत्रात येईल का. जर्मनीत पुढे हेही विचारा की परिषद आहे का, आणि ग्राहकाच्या जागेवर बसलेल्यांना ती कशी भेटते. स्वीडनला आलात तर पहिल्याच महिन्यात बेरोजगारी निधीत नाव घाला, कारण पगारावर आधारलेली रक्कम मिळायला आधी काही काळ सभासद असावं लागतं.